तिला कळता कामा नये

गावात कुणी वारलं की बाकीची माणसं विचारतात, कसं झालं, किती वाजता नेणार. माझी जाऊ साखरबाई विचारते, "त्यांच्यात पोटुशी कोन हाय?" उत्तर येईपर्यंत तिच्या पायात चपला असतात. मग ती त्या घरी जाते, गरोदर बाईला अंगणातून उठवून आतल्या खोलीत नेते, टीव्हीचा आवाज वाढवते आणि दारात पाय पसरून बसते. येणाऱ्या प्रत्येकाला ती उंबऱ्याबाहेरच गाठते. "आत काय बी बोलायचं न्हाई. हसून जायचं. जमत नसंल तर माघारी फिरा."

मांडवगण फराट्यात तिला या कामावर कुणी नेमलेलं नाही. पण दत्ता, म्हणजे तिचा मुलगा, झाल्यापासून ती हेच करत आली आहे, आणि आता तर लोक आपणहून तिला बोलावून नेतात. आमची घरं एका भिंतीची, अंगण एक, नळ एक. त्यामुळे तिचं हे खूळ सोसण्यात माझा नंबर पहिला.

प्रतिभाचं सांगते म्हणजे कळेल. प्रतिभा आमच्या गल्लीतली सून, माहेर कवठे येमाई. ज्या मामानं तिला लहानाचं मोठं केलं तो तिच्या सातव्या महिन्यात गेला. साखरबाईनं काय करावं? प्रतिभाच्या मोबाइलचा चार्जरच गायब केला. बाकीचे चार्जर त्या फोनला लावले तर स्फोट होतो, असं घरातल्या सगळ्यांनी शपथेवर सांगायचं. डोहाळजेवणाला मामा आला नाही, तर "त्येच्या पायाला लागलंय." बारशाला आला नाही, तर "त्यो पाय अजून सुजलेला हाय." बारशाच्या पंगती उठल्या, आणि मग साखरबाईनं प्रतिभाला शेजारी बसवून खरं काय ते सांगितलं. ती पोर रडायचं सोडून हिच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि नंतर कितीतरी दिवस हिच्याशी बोलली नाही. साखरबाईला त्याचं काही नाही. "पोरगं बघ कसं शांत हाय," म्हणाली. पोरगं शांत आहे हे खरं. पण ते बापावर गेलंय. त्याच्या बापाला सकाळी हाक मारली तर तो दुपारी ओ देतो.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं कुठून ते मला माहीत आहे, म्हणून मला तिच्यावर पुरतं चिडताही येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. दत्ता पोटात होता, आठवा महिना होता. ती कांदे काढत होती. बांधावरून एका शहाण्यानं ओरडून सांगितलं, "ए साखरे, तुझा भाऊ गेला गं, ट्रकखाली!" ती तिथंच वाफ्यात बसली आणि अंधार पडेपर्यंत रडली. दत्ता दिवस भरायच्या आधीच झाला. पाच-सहा वर्षांचा होईस्तोवर तो चिडला की भिंतीवर डोकं आपटायचा, समोर येईल त्याला लाथा मारायचा. सासूबाईंपासून आल्यागेल्यापर्यंत सगळ्यांचं एकच. "हिनं पोटुशी असताना रडून घेतलं, ते पोराला बाधलं." सख्ख्या भावासाठी रडली म्हणून त्या बाईला वर्षानुवर्षं ऐकवलं. आज तो दत्ता रांजणगावच्या एका कंपनीत ऑपरेटर आहे, कारेगावात खोली घेऊन राहतो, सुट्टीला गावी येतो, आणि इतका मवाळ की बायकोनं दोनदा विचारल्याशिवाय तिसरी भाकरी घेत नाही. पण साखरबाईच्या लेखी तो अजून भिंतीवर डोकं आपटतोच आहे.

आता माझं सांगते, कारण माझा खरा राग तिथला आहे. मी दौंडची. वडील रेल्वेत होते, मी क्वार्टरमध्ये वाढले. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. माझं झालं सासरी. कारण काय दिलं, तर दौंडला पाणी येत नाही. मी म्हटलं, रेल्वेच्या क्वार्टरला पाणी नाही असं कधी झालंय का? साखरबाई म्हणाली, "यंदा झालंय." गावात तेव्हा फोन एकच, वाण्याच्या दुकानात. निरोप आधी तिच्या हातात जायचा. ती आणि माझा नवरा दोनदा दौंडला जाऊन आले, मला सांगितलं बैलबाजाराला गेलो होतो. दोन्ही वेळा बैल आणला नाही. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. लेक झाली, सव्वा महिना झाला, आणि मग माझी आई बाळ बघायला आली ती मोकळ्या कपाळानं. मी बाळाला पाजत होते. आई दारात उभी राहिली आणि मला सगळं कळलं, कुणी काही बोलायच्या आधी.

तेव्हापासून मी साखरबाईला सोडलेलं नाही. भाजी निवडताना, भांडताना, अगदी माझ्या लेकीच्या लग्नात मांडवात उभी राहूनसुद्धा मी तिला ऐकवलंय, की तू माझ्या बापाचं शेवटचं तोंड मला बघू दिलं नाहीस. ती कधी उलटून बोलली नाही. "व्हय, माझंच चुकलं," म्हणायची आणि पुढच्या गरोदर बाईच्या दारात जाऊन बसायची. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

दत्ताची बायको तेजश्री. बारावी झालेली, हसरी, मनात काही न ठेवणारी. तिची पहिली मुलगी ऋतिका, आता चार वर्षांची. ही ऋतिका चावते. अंगणवाडीत चावते, लग्नात चावते, लाडानं जवळ घेतलं तरी चावते. माझ्या मनगटावर तिच्या दातांची पुरी ओळ आहे. साखरबाईचा निकाल झालेला. ऋतिका पोटात असताना दत्ताची आधीची कंपनी बंद पडली, त्यानं ते बायकोला फोन करून सांगितलं. साखरबाई म्हणायची, "त्यो धसका पोरीच्या दातात उतरला."

मी मात्र बघत होते. पोरगी उगाच चावत नव्हती. तेजश्री दुसऱ्या खेपेच्या तपासणीला शिरूरला निघाली की साखरबाई पोरीला सांगायची, "आई दळान आनाया गेली." पोरगी वाट बघायची. एकदा तर ती एकटी चालत गिरणीवर गेली. तिथं पिठाच्या धुरळ्यात उभी राहून तिनं सगळ्या बायकांची तोंडं बघितली. आई नव्हती. तिला आणायला मी गेले, आणि माझ्या मनगटावरची ओळ त्या दिवशीची आहे. मी साखरबाईला म्हटलं, "आक्का, तिला खरं सांगत जा. दवाखान्यात गेली म्हणावं." तर म्हणाली, "दवाखाना म्हनलं की लेकरू भ्यायचं." म्हणजे ते चावलेलं चालेल, पण भ्यायला नको.

तेजश्रीला दुसऱ्यांदा दिवस गेले तसा घरात कायदाच आला. वाईट बोलायचं नाही, कण्हायचं नाही, मालिकेत कुणी रडायला लागलं की चॅनेल बदलायचं. तेजश्रीनं सतत हसायचं. कामं मात्र सगळी तिचीच, फक्त ती हसत करायची. सावळाराम भावोजींनी, म्हणजे साखरबाईच्या मालकांनी, जेवताना उसाला कारखान्याची तोड मिळत नाही म्हटलं, तर त्यांना ताट घेऊन ओट्यावर बसवलं. ते बिचारे तिथंच जेवायला लागले. म्हणाले, बाहेर निदान बोलता येतं.

आठव्या महिन्यात तेजश्रीचे पाय सुजले. साखरबाई म्हणाली, पोरगा आहे. मग तोंडही सुजलं. साखरबाई म्हणाली, तेज आलंय. दोघी शिरूरला ठरलेल्या तपासणीला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी बीपी दोनदा बघितलं, लघवी तपासायला घेतली आणि रिपोर्ट आला की फोन करते म्हणाल्या. आता फोननंबर कुणाचा दिला असेल? साखरबाईनं स्वतःचा दिला. तेजश्रीच्या फोनला रेंज नसते म्हणाली.

संध्याकाळी फोन आला. मला हे सगळं नंतर कळलं, मला सांगितलं नव्हतं, कारण "तुझ्या पोटात काय ऱ्हात न्हाई." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बीपी वाढलंय, लघवीतून प्रोटीन जातंय, गोळ्या आजच्या आज सुरू करा, परवा घेऊन या. आणि मधे डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढं अंधारी आली तर क्षणभर थांबू नका. साखरबाईनं शब्द न् शब्द पाठ केला. ती बेफिकीर बाई नाही, हे मलाही कबूल करावं लागतं. तिनं दत्ताकडून त्याच रात्री गोळ्या मागवल्या. पाकिटावरचं नाव सून वाचेल म्हणून एकेक गोळी सोलून बामच्या रिकाम्या डबीत भरली. "शक्तीच्या गोळ्या हायेत, सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या," म्हणून सांगितलं. आणि सगळ्या घराचं मीठ बंद केलं. आमटी अळणी, भाजी अळणी. माझ्याकडं वाटी आली तेव्हा मी विचारलं, "आक्का, मिठाला काय झालंय?" तर म्हणाली, "संपलंय." मिठाची बरणी तिच्या मागंच फळीवर भरलेली दिसत होती.

म्हणजे बघा. डोकं तेजश्रीचं, आणि ते दुखलं तर काय करायचं हे ठाऊक साखरबाईला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी ओट्यावर तांदूळ निवडत होतो. तेजश्री ताटावर अगदी वाकली होती. मग म्हणाली, "काकी, मला खडं दिसंनात. सगळं पांढरं पांढरंच दिसतंय."

"डोकं दुखतंय का गं?"

"कालपास्नं. लई ठणकतंय. पर घरात तसलं बोलायचं न्हाई ना," असं म्हणून ती पोर हसली. सवयीनं हसली. मला त्या हसण्याचा असा संताप आला की हातातलं सूप मी खाली आपटलं.

साखरबाई दारात हंडा घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. तिचा आवाजच बदलला. "तेजश्री, सकाळची गोळी घेतलीस न्हवं?"

"कंची? शक्तीची? न्हाई घेतली म्या. आधीच त्या रक्तवाढीच्या गोळ्यांनी जीव नकोसा झालाय. रातची बी, सकाळची बी न्हानीत टाकली." आणि मग जरा भीतभीत, "रागावू नका आई. आन् तुमची अळनी भाजी बी घशाखाली उतरंना, म्हनून लोनचं खाल्लं पोळीसंगं. म्या आन् ऋतिका."

साखरबाईच्या हातून हंडा सुटला. पाणी सगळ्या अंगणभर झालं. मी तिला इतक्या वर्षांत कितीतरी मरणांच्या बातम्या अडवताना बघितलंय, पण तिचं तोंड असं झालेलं कधी बघितलं नव्हतं.

"त्या शक्तीच्या न्हाईत," ती म्हणाली. "बीपीच्या हायेत. डाक्टरनीचा फोन आलता. तुला बीपी हाय. डोकं दुखलं, डोळ्याम्होरं आलं, तर त्याच घडीला आना म्हनली." एवढं बोलून तिनं दोन्ही हात पुढं धरले. बातमी ऐकून सून आता कोसळणार अशी तिची खात्रीच होती.

तेजश्री कोसळली नाही. ती भडकली. "माझं डोकं, माझं पोट, आन् मलाच सांगितलं न्हाई? मला ठाव असतं तर म्या गोळी टाकली असती का? कालच बोलले नसते का डोकं दुखतंय म्हनून?" लग्न झाल्यापासून ती सासूपुढं एवढ्या आवाजात कधी बोलली नव्हती. बोलता बोलताच तिनं फोन उचलला, एकशेआठला लावला, आणि नाव, गाव, महिना, सूज, डोकं, डोळे, सगळं स्वतः सांगितलं. साखरबाईचे हात तसेच पुढं राहिले.

मी पिशवी भरायला घेतली. पिशवी बघून ऋतिका आतून आली आणि तिनं तोंड वासलं. आता किंकाळी येणार आणि मग कुणाचं तरी मनगट जाणार. साखरबाईच्या तोंडून सवयीनं निघालंच, "आई की नाय, दळान..."

"आई, तुम्ही गप बसा," तेजश्री म्हणाली. तिनं पोरीला समोर उभं केलं. "ऋतू, मी दवाखान्यात चाललेय. मला बरं न्हाई. पोटातलं बाळ काढत्याल बहुतेक. आज येनार न्हाई, उद्या बी न्हाई."

पोरीनं तोंड मिटलं. "सुई टोचत्याल?"

"टोचत्याल."

"तू रडशील?"

"रडीन."

ऋतिकानं थोडा विचार केला. "मंग मी कुठं थांबू?"

"आबांपाशी थांब." आणि ती पोरगी खरंच जाऊन, गलका ऐकून ओट्यावर आलेल्या आजोबांना खेटून बसली. चावली नाही, लोळली नाही. ॲम्ब्युलन्स निघाली तेव्हा ती आईकडं बघत होती, आणि आईसुद्धा दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडं बघत होती.

उसाचे दिवस. रस्त्यावर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर एकामागं एक, त्यांवर गाणी लावलेली, मागच्या ॲम्ब्युलन्सचा भोंगा कुणाला ऐकू येईना. मी खिडकीतून डोकं काढून त्या ड्रायव्हरांना ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहीत नाही. शिरूरपेक्षा दौंड जवळ पडेल म्हणून दौंडला नेलं. वाटेत तेजश्रीनं साखरबाईचा हात धरला होता का साखरबाईनं तेजश्रीचा, ते मला कळलं नाही.

दवाखान्यात लगेच ऑपरेशन केलं. मुलगी झाली. आई आणि बाळ दोघीही वाचल्या, हे आधीच सांगून टाकते. माणसांना ताटकळत ठेवायची मला आवड नाही. पण त्या दिवशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाळ हातभरसुद्धा नव्हतं, त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. तेजश्री शुद्धीवर आली तसं तिनं बाळाला विचारायला सुरुवात केली. तोवर दत्ताही कारेगावहून येऊन पोचला होता. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, बाळ फार लहान आहे, श्वासाला त्रास होतोय, आत्ताच काही सांगता येणार नाही.

दत्ता म्हणाला, "तिला आत्ताच नको सांगायला. बाळ झोपलंय म्हना."

मी तोंड उघडणार होते. पण माझ्या आधी साखरबाई बोलली. "सांगायचं," म्हणाली. पदर खोचला आणि आत गेली. दार अर्धं उघडं होतं. तिनं सुनेच्या उशाशी बसून डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. काही गाळलं नाही, वर देव करील बरं वगैरेही काही जोडलं नाही. तेजश्री रडली. साखरबाईनं तिला रडू दिलं. बाळंतिणीला रडू देणारी साखरबाई मी पहिल्यांदाच बघत होते.

बाहेर येऊन ती माझ्याशेजारी बाकड्यावर बसली. स्टेशन जवळच असल्यानं गाडीची शिटी ऐकू येत होती. ती शिटी ऐकली की मला माझे वडील आठवतात, आणि वडील आठवले की तिच्यावरचा राग. म्हणून मी तिच्याकडं पाठ करून बसले होते.

"अनुपमा," ती म्हणाली. "तुजे वडील ह्याच गावात गेले."

"ते तू मला सांगू नकोस."

"मी गेलते तवा शुद्धीवर व्हते. मी म्हनलं, अनुपमाला घिऊन येते, बैलगाडीत गादी घालून आनते. तर माझा हात धरला त्यांनी. म्हनले, साखरबाई, तिला कळता कामा नये. तिच्या पोटात लेकरू हाय. माझी शपथ घ्या म्हनले. मी घेतली."

मी वळून तिच्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत मी तिला काय काय बोलले होते ते सगळं मला एकदम आठवायला लागलं, आणि ती दर वेळी काय म्हणाली होती, तेही. व्हय, माझंच चुकलं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? बाळंतपण झाल्यावर?"

"तवा तू पाजत व्हतीस. बापावर राग धरला असतास, त्यो दुधात उतरला असता. आन् नंतर..." ती पदराशी चाळा करत राहिली. "ते तर गेलेले. त्यांच्यासंगं तू भांडनार कशी? मी व्हते की इथं, भांडायला."

मला इतका राग आला की मी उठून उभी राहिले. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. मला माझ्या वडिलांनाही विचारायचं होतं, की बाबा, तुम्हीसुद्धा? पण ते नव्हते. समोर साखरबाईच होती, हात मांडीवर ठेवून, मी आता काय बोलते त्याची वाट बघत. मी पुन्हा तिच्या शेजारी बसले आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून, त्या पहिल्या बाळंतपणात रडायचं राहिलेलं सगळं रडले.